एकाच वेळी दहा साईट, सुतारांच्या टोळ्या दोन: कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

गुण्या, पुणे
१० जानेवारी २०२६

नमस्कार. प्रश्न सॉफ्टवेअरचा आहे, पण आधी कामाचं स्वरूप सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्याला अंदाज येईल.

मी आणि माझा धाकटा भाऊ इंटिरियरची कामं घेतो. बाणेर, वाकड, रावेत हा आमचा पट्टा. हे अकरावं वर्ष. डिझाइन आणि गिऱ्हाईक भाऊ सांभाळतो, साईट सगळ्या माझ्याकडे. ऑफिसात ड्रॉइंग काढणाऱ्या दोन मुली आणि एक सुपरवायझर. सुतारांच्या दोन टोळ्या, दोन्ही राजस्थानच्या. मोठ्या टोळीत पाच माणसं, धाकटीत चार. पीओपी, इलेक्ट्रिक, प्लंबिंग, रंग हे सगळं ठेक्यावर. पीयू पॉलिशला (लाकडावर चढवायचं चकाकीचं पॉलिश) मात्र एकच कारागीर, कारण त्याच्यासारखा हात मला अजून दुसऱ्याचा मिळालेला नाही.

आज दहा कामं चालू आहेत. सात फ्लॅट, दोन लहान ऑफिसं आणि एक दातांचा दवाखाना. प्रत्येक कामाची स्वतंत्र एक्सेल शीट आहे, प्रत्येकाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुठलीही एक शीट उघडून बघा, ती बरोबरच असते. घोळ होतो तो दोन शीटच्या मध्ये, जिथे कुणीच बघत नाही.

गेल्या दसऱ्याचं सांगते. २ ऑक्टोबरला दसरा होता आणि चार घरांनी गृहप्रवेशासाठी तोच दिवस धरला होता. आमच्या धंद्यात हे दरवर्षीचंच. पितृपक्षात कुणी नव्या घरात पाऊल ठेवत नाही, त्यामुळे सगळ्यांच्या तारखा पुढे सरकून दसऱ्यावर येऊन बसतात. चारही शीटमध्ये "पॉलिश: २२ ते २७ सप्टेंबर" असं लिहिलं होतं. चारही वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं. माणूस एक. त्यात पॉलिशचं काम घाई करून होत नाही. ज्या खोलीत सुतार घासकाम करतोय तिथे पॉलिश करता येत नाही, सगळी धूळ ओल्या पॉलिशवर बसते. दोन घरं वेळेत दिली, दोन राहिली. त्यातल्या एका कुटुंबाने भाड्याचं घर ३० तारखेला सोडलं होतं. सामानाचा टेम्पो बिल्डिंगच्या फाटकाशी उभा, सोबत त्यांची सत्तरीतली आई, आणि आत हॉलमध्ये पॉलिशचा वास दाटलेला. त्या बाईंनी मला एक शब्द वावगा बोलला नाही. ते मला जास्त लागलं.

दुसरा प्रकार ड्रॉइंगचा. एका स्वयंपाकघराची मापं दोनदा बदलली. ग्रुपवर "फायनल", "फायनल नवीन" आणि "फायनल १" अशा तीन फाइली होत्या. धाकट्या टोळीने मधली उघडली आणि सात शटर, म्हणजे कपाटांची दारं, जुन्या मापाने कापली. बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय, वर लॅमिनेट चिकटवलेलं. सगळं वाया.

त्यानंतर कार्डांचं एक फुकट ॲप तीन महिने मन लावून वापरलं. प्रत्येक साईटचा एक बोर्ड. बोर्ड छान दिसायचे, पण सोमवारी सकाळी मला जे हवं असतं ते त्यात मिळेना: येत्या गुरुवारी मोठी टोळी कुठे आहे, आणि तिथून उठली की कुठे जाणार? त्यासाठी दहा बोर्ड उघडावे लागत होते.

मला हवं आहे ते असं. माणसाप्रमाणे सगळ्या साईट एका नजरेत दिसाव्यात. एका ठिकाणची तारीख सरकली की तिचा धक्का कुणाकुणाला बसतो ते कळावं. मिस्त्रीला फोनवरून, शक्यतो हिंदीत, "झालं" किंवा "अडलंय" एवढं कळवता यावं. आणि ड्रॉइंग ताजं कुठलं यावर शंका उरू नये. वापरणारे ऑफिसचे पाच जण. महिन्याला थोडे पैसे द्यायची तयारी आहे.

यंदा पाडवा १९ मार्चला आहे आणि तीन घरांनी तो दिवस मागितलाय. झोहो, असाना, क्लिकअप, मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट अशी नावं कानावर आहेत. ज्यांनी खरंच अनेक कामं एकत्र हाकली आहेत त्यांचं ऐकायचंय.

टूलरूमवाला, चाकण
१० जानेवारी २०२६

ताई, आमच्या टूलरूममध्ये एका वेळी तीसेक डाय (सुटे भाग बनवायचे साचे) चालू असतात आणि ते कापायची वायरकट मशिन दोनच. सॉफ्टवेअर आहे, पण सकाळी सगळे बघतात तो भिंतीवरचा पांढरा फळा. त्यावर आडव्या ओळी डायच्या नाहीत, मशिनच्या आहेत. उभे रकाने दिवसांचे. चौकोनात डायचा नंबर. एका चौकोनात दोन नंबर लिहिताच येत नाहीत, जागाच नाही. तुमच्या दहा शीटमध्ये ओळी कामांच्या आहेत. त्या माणसांच्या करा, मग सॉफ्टवेअर शोधा.

बारचार्ट, नाशिक
११ जानेवारी २०२६

टूलरूमवाल्यांनी चार ओळींत मर्म सांगितलं. मी त्यावर थोडं विस्ताराने लिहितो, कारण या विषयात माझं आयुष्य गेलं. एकतीस वर्षं प्लॅनिंग इंजिनिअर होतो. पूल, कालवे, शेवटची काही वर्षं उड्डाणपूल. सुरुवातीला ट्रेसिंग पेपरवर बारचार्ट (कामांच्या तारखा दाखवणारे आडवे पट्टे) काढायचो, नंतर मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आणि प्रायमाव्हेरा ही सॉफ्टवेअर आली.

तुम्ही म्हणता ती अडचण शास्त्राच्या जन्मापासून आहे. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँटच्या रासायनिक कारखान्यांसाठी क्रिटिकल पाथची पद्धत निघाली, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट नावाची तशीच पद्धत काढली. दोन्हींत मूळ विचार एकाच प्रकल्पाचा. कुठलं काम कुणाच्या आधी, कुठली साखळी सर्वांत लांब, कुठे किती सवड आहे, एवढं त्यातून निघतं. माणसं लागतील तेव्हा हजर असतील हे त्यात गृहीतच धरलेलं होतं. माणसं आणि यंत्रं यांचा हिशोब नंतर जोडला गेला, आणि म्हणूनच आजही पुष्कळशा सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्प आधी आणि माणूस नंतर असतो. तुमच्याकडे उलट आहे. प्लाय हवा तेव्हा मिळतो, लॅमिनेट आठवड्यात येतं. सवड नाही ती पॉलिशवाल्याला. तुमच्या दहाही कामांची क्रिटिकल, म्हणजे सर्वांत लांब साखळी त्याच्या हातातून जाते.

म्हणून पहिलं काम कागद-पेन्सिलीचं. त्या एका कारागिराचं मार्चअखेरपर्यंतचं कॅलेंडर काढा. पाडव्याची तीन घरं त्यावर आधी मांडा, मग बाकीची. एका घराला त्याला पाच दिवस लागत असतील तर तिघांना पंधरा. हे दिवस ठरले की त्यांच्या मागे सुतारकाम संपण्याची तारीख, तिच्या मागे पीओपी, तिच्या मागे भिंत फोडून टाकायचे विजेचे पाइप. उलट मोजत या. एखादं घर बसत नसेल तर ते आत्ता, जानेवारीतच दिसेल.

आता एक गणित. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९६१ मध्ये एक नियम सिद्ध केला. रांगेत सरासरी किती जण आहेत, भागिले दर महिन्याला किती बाहेर पडतात, बरोबर एकेकाला लागणारा सरासरी वेळ. तुम्ही वर्षाला किती कामं पुरी करता? समजा चोवीस, म्हणजे महिन्याला दोन. चालू आहेत दहा. दहा भागिले दोन, पाच महिने. गिऱ्हाईकाला तुम्ही काय सांगता? माझा अंदाज, अडीच-तीन महिने. मग कुठलंही सॉफ्टवेअर आणा, सरासरी पाच महिन्यांच्या खाली येणार नाही, कारण ती तुम्ही हातात धरलेल्या कामांच्या संख्येतच आहे. पाचच चालू ठेवली आणि वेग तोच राहिला, तर अडीच महिने. यात डिझाइन आणि निवड चाललेली कामं मोजू नका, जिथे सुताराची पेटी उघडली आहे तेवढीच मोजा.

टोळी एका घरातून अर्ध्यात काढून दुसऱ्या घरी पाठवायची, असं तुमच्याकडे होतच असणार. ज्याचा फोन जास्त येतो त्याच्याकडे माणसं जातात. प्रत्येक हलवाहलवीत हत्यारं हलतात, मापं पुन्हा समजून घ्यावी लागतात, अर्धा दिवस जातो. पुलाच्या कामावर आमची शटरिंगची (काँक्रीट ओतायचे साचे बांधणारी) टोळी अशी नाचवली की काय होतं ते मी पाहिलंय. दोन्ही खांब उशिरा.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये सामाईक रिसोर्स पूल करता येतो. दहा कामांच्या दहा फाइली, पण माणसांची यादी एकच. एकाच्या डोक्यावर दुप्पट काम पडलं की त्याचं नाव लाल होतं. लेव्हलिंगचं बटण दाबलं की ते तारखा आपोआप सरकवतं. त्या बटणावर मात्र विसंबू नका. कुणाच्या घरात लग्न आहे हे त्याला माहीत नसतं. पैसे वाचवायचे असतील तर गँटप्रोजेक्ट फुकट आहे, संगणकावर चालतं. दहाही साईट एकाच फाइलीत घाला, प्रत्येक साईट हे एक मुख्य काम, त्याखाली पोटकामं. माणसांच्या वेगळ्या तक्त्यात माणसागणिक भार दिसतो. एकट्या तुम्हाला योजना आखायला तेवढं पुरेल.

हिंजवडी_फेज३
११ जानेवारी २०२६

काकांचं लिटलच्या नियमाचं गणित मी उद्या आमच्या टीमला दाखवणार आहे.

मी आयटीत प्रोग्राम मॅनेजर आहे, एका वेळी सहा-सात टीमची कामं जुळवते. ताई, कुणी जिरा सुचवलं तर घेऊ नका. ते २००२ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या चुका नोंदवण्यासाठी आलं आणि त्याचा पिंड अजून तोच आहे. आमच्यासाठी उत्तम, पण "इश्यू" आणि "स्प्रिंट" हे शब्द मिस्त्रीच्या गळ्यात मारण्यात अर्थ नाही.

तुम्ही सांगितलेल्या नावांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. बहुतेकांच्या फुकट किंवा खालच्या योजनेत एकेका प्रकल्पाचं चित्र नीट मिळतं. सगळ्या प्रकल्पांतून माणसाचा भार दाखवणारं चित्र वरच्या योजनेत असतं. असानामध्ये त्याला वर्कलोड म्हणतात, ते वरच्या योजनेत येतं. ट्रेलो या कार्डांच्या ॲपमध्ये अनेक बोर्डांची कामं एका तक्त्यात किंवा कॅलेंडरवर बघायची तर प्रीमियम लागतं. झोहो प्रोजेक्ट्समध्ये माणसाचा भार दाखवणारा तक्ता आहे. तो कुठल्या योजनेत बसतो ते विकणाऱ्याला आधी विचारा. म्हणजे किंमत बघताना पहिल्या रकान्यातली बघू नका. तुम्हाला हवी असलेली एकच गोष्ट ज्या रकान्यात आहे त्याची बघा, गुणिले पाच माणसं, गुणिले बारा महिने.

आणि विकत घ्यायच्या आधी एक परीक्षा. ट्रायल घेतली की नवी कामं त्यात भरू नका. गेल्या सप्टेंबरची ती चार घरं भरा, त्या वेळी शीटमध्ये होत्या त्याच तारखांनी. मग बघा, ५ सप्टेंबरला हे सॉफ्टवेअर तुम्हाला सांगतं का की पॉलिशवाला चार जागी आहे? तुम्हाला शोधावं न लागता समोर यायला हवं. ज्यात येत नाही ते बाद.

जुन्या नोकरीत आम्ही एक महागडं साधन घेतलं होतं. चार महिन्यांत निम्म्या तारखा शिळ्या झाल्या. माहिती भरायची टीमने आणि चित्र बघायचं वरच्यांनी, असा तो व्यवहार होता. भरणाऱ्याला काहीच परत मिळत नव्हतं. तुमचा मिस्त्री "झालं" हे बटण का दाबेल? त्याचं उत्तर तुमच्याकडे असेल तरच पुढे जा. त्या बटणाने त्याचं बिल लवकर निघणार असेल, तर तो रोज दाबेल.

कृष्णाकाठ, सांगली
१२ जानेवारी २०२६

मी घरांवर सोलर बसवतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान जाहीर झालं, आणि आमच्याकडे महिन्याला तीन-चार असलेली कामं एकदम पंधरा-वीसवर गेली. तेव्हा मी तुमच्याच जागी उभा होतो.

आमच्या प्रत्येक कामाचे टप्पे तेच असतात: पोर्टलवर नोंदणी, छताची पाहणी, स्ट्रक्चर, पॅनेल, इन्व्हर्टर, अर्थिंग, नेट मीटर, तपासणी, अनुदानाचा अर्ज. काही टप्पे आपल्या हातात, काहींची वाट बघायची. मी सगळी कामं एका गूगल शीटमध्ये आणली. एक ओळ म्हणजे एका साईटचा एक टप्पा. रकाने: साईट, टप्पा, कोण, कधीपासून, कधीपर्यंत, स्थिती. बस. दुसऱ्या पानावर आडवी माणसं, उभे दिवस. आणि काउंटइफ्स हे मोजणीचं सूत्र लावून एका माणसाच्या एका दिवसात दोन साईट आल्या की चौकोन लाल. हा टूलरूमवाल्यांचा फळाच आहे, फक्त आपोआप भरणारा.

पोरांच्या फोनवर ॲपशीटने केलेलं साधं ॲप दिलं. ॲपशीट आता गूगलचंच आहे, शीटवर बसतं. पोराला फक्त त्याची आजची कामं दिसतात. हिरवं बटण, लाल बटण, फोटो. बटणांवर मी मराठीत लिहिलंय. लाल दाबलं की कारण निवडायचं: माल नाही, गिऱ्हाईक घरी नाही, पाऊस, ड्रॉइंगमध्ये शंका. दोन महिन्यांनी कारणं मोजली तर सर्वांत जास्त वेळा "गिऱ्हाईक घरी नाही" निघालं. तेव्हापासून आदल्या संध्याकाळी फोन करायचा नियम केला. हे मला कुठल्याही तक्त्याने आधी सांगितलं नव्हतं.

ड्रॉइंगचं तुम्ही लिहिलंय त्यावर माझा उपाय कागदाचा आहे. साईटच्या भिंतीवर ए-थ्री कागद चिकटवायचा, कोपऱ्यात मोठ्या अक्षरात आवृत्तीचा आकडा आणि तारीख. नवं आलं की जुनं फाडून सुपरवायझरने परत ऑफिसात आणायचं. ग्रुपवर फाइल टाकायची नाही, एका फोल्डरची लिंक टाकायची, आणि त्या फोल्डरमध्ये एकच फाइल. कापायच्या आधी मिस्त्रीने भिंतीवरच्या आकड्याचा फोटो पाठवायचा.

गुण्या, पुणे
१८ जानेवारी २०२६

सगळ्यांचे आभार. बारचार्ट काका, तुम्ही "समजा चोवीस" लिहिलंत. मी मोजलं, गेल्या वर्षी आम्ही पंचवीस कामं दिली. गिऱ्हाईकाला पंचाहत्तर दिवस सांगतो. भावाला ते गणित वहीवर मांडून दाखवलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला की ॲडव्हान्स घेतला की लगेच काम सुरू केलेलं दाखवावं लागतं, म्हणून आपण एक भिंत फोडून ठेवतो. खरं आहे ते. आम्ही काम सुरू करतो ते गिऱ्हाईकाच्या मनाला बरं वाटावं म्हणून, आणि मग तिथे तीन आठवडे कुणी जात नाही.

काल पॉलिशवाल्याला ऑफिसात बोलावून त्याच्याबरोबर कॅलेंडर केलं. माझ्या शीटमध्ये एका घराला पाच दिवस होते. तो म्हणाला, "मॅडम, तीन बेडरूमला सात. पाच मी कधीच सांगितलेले नाहीत." इतकी वर्षं तो आकडा कुठून आला होता, मला खरोखर आठवत नाही. सात धरले तर पाडव्याला तीन घरं बसत नाहीत, कारण मध्ये ३-४ मार्चला होळी आहे आणि टोळ्या गावाला जाणार, आठ दिवस तरी नाहीत. दोनच बसतात.

बारचार्ट, नाशिक
१८ जानेवारी २०२६

तिसऱ्या घराला आजच सांगा. फोनवर नको, भेटून सांगा, आणि ते कॅलेंडर सोबत न्या. गँटप्रोजेक्टमध्ये माणसाच्या नावावर सुट्टीचे दिवस टाकता येतात. होळीचे आठवडे आधी तिथे घाला, मग कामं मांडा.

गुण्या, पुणे
२२ मार्च २०२६

पाडवा झाला. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांना पुढे काय झालं ते कळवायला हवं.

तिसऱ्या घरी मी १९ जानेवारीला गेले. नवराबायको दोघंही शिक्षक. आधी चिडले, ते साहजिक होतं. मग त्यांनी कॅलेंडर हातात घेऊन दिवस मोजले आणि विचारलं, "मग अक्षय तृतीयेला नक्की?" मी सात दिवसांचा हिशोब दाखवून हो म्हटलं. त्यांनी भाड्याच्या घराचा करार एप्रिलअखेरपर्यंत वाढवून घेतला, तेवढं भाडं आम्ही बिलातून वजा करतोय. भावाला ते जड गेलं, पण सप्टेंबरमधला तो टेम्पो त्यालाही आठवतो.

सॉफ्टवेअरचं सांगते. दोन ठिकाणची ट्रायल घेतली आणि हिंजवडीच्या ताईंनी सांगितलेली परीक्षा दोन्हींना दिली. एकात चारही घरं भरली तरी काहीच बोललं नाही, मीच शोधून काढलं तेव्हा सापडलं. दुसऱ्यात पॉलिशवाल्याच्या नावापुढे आठवडाभर लाल पट्टा आला. पण तो पट्टा ज्या योजनेत आहे तिचा पाच जणांचा वर्षाचा खर्च काढला, आणि तूर्त थांबलो. आता योजना मी गँटप्रोजेक्टमध्ये आखते, एका फाइलीत सगळ्या साईट. दर शनिवारी त्यातल्या तारखा गूगल शीटमध्ये उतरवते, सांगलीच्या दादांच्या पद्धतीने, आडवी माणसं, उभे दिवस. शनिवारचे दोन तास जातात. हे हाताने उतरवणं मला पसंत नाही, आणि पंधरा साईटला ते चालणार नाही हेही दिसतंय. तेव्हा ते लाल पट्ट्याचं घेईन.

ॲपशीटचं ॲप केलं, हिंदीत. धाकट्या टोळीचा मिस्त्री पहिल्या दिवसापासून वापरतोय. मोठ्या टोळीचे मिस्त्री साठीकडे झुकलेले, ते बटणाला हात लावत नाहीत. ते व्हॉइस नोट पाठवतात आणि ऑफिसातली मुलगी ती ऐकून नोंद करते. आधी मला ही पळवाट वाटली. पण त्यांच्या एका नोटमध्ये जेवढं असतं तेवढं बटणात मावत नाही: कुठल्या भिंतीला ओल आहे, ड्रॉवरचं कुठलं चॅनेल कमी आलंय, शेजारचे दुपारी दोन ते चार ठोकाठोकी करू देत नाहीत. ती सोय तशीच ठेवली. आणि ॲपमध्ये किंवा नोटमध्ये "झालं" आलं की सुपरवायझरने दुसऱ्या दिवशी माप घ्यायचं आणि शनिवारी त्या टप्प्याचे पैसे द्यायचे, हे सुरू केलं. पूर्वी बिल महिनाअखेरीला व्हायचं.

सुतारकाम चालू असलेल्या साईट आता सहा आहेत. पाचवर आणता आल्या नाहीत, दवाखान्याचं काम थांबवणं शक्य नव्हतं. चार गिऱ्हाईकांना "तुमचं काम अमुक तारखेला सुरू होईल, त्याआधी आम्ही भिंतीला हात लावणार नाही" असं सांगितलं. एकाने ॲडव्हान्स परत मागितला, तो दिला. तिघं थांबले.

पाडव्याची दोन्ही घरं १७ तारखेला दिली. एका घरात कपाटाची एक मूठ यायची होती, ती १८ ला लावली. भिंतीवरच्या आवृत्तीच्या आकड्याची पद्धत लागू केल्यापासून एकही शटर चुकीच्या मापाने कापलं गेलेलं नाही, मात्र जुना कागद फाडून आणायला सुपरवायझर दोनदा विसरला, त्यामुळे आता जुना कागद परत आल्याशिवाय नवा छापून देत नाही.

परवा मोठे मिस्त्री होळीहून परतले. ऑफिसात येऊन त्यांनी शीटचा छापील कागद मागितला, चष्मा लावून आपली ओळ बोटाने शोधली आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यावर बोट ठेवून म्हणाले, इथे तुम्ही मला रावेतला टाकलंय, पण तिथला ओटा तोवर बसलेला नसेल, ग्रॅनाईटवाला मला गाडीत भेटला होता. मी ग्रॅनाईटवाल्याला फोन लावला. त्यांचं बरोबर होतं. तारीख चार दिवस पुढे ढकलली, आणि त्या चार दिवसांत टोळी शिक्षकांच्या घरी जाते आहे.

बारचार्ट काका, आता एकच विचारायचंय. पॉलिशवाल्याचा पुतण्या त्याच्या हाताखाली सहा महिने शिकतोय. योजनेत त्याला कसं धरायचं, अर्धा माणूस म्हणून की अजून धरायचाच नाही?

बारचार्ट, नाशिक
२२ मार्च २०२६

आत्ता धरू नका. आधी एका घराच्या कपाटांच्या आतल्या बाजू त्याला एकट्याला करू द्या आणि दिवस मोजा. जो आकडा येईल तो काकाकडून तपासून घ्या, मगच फाइलीत घाला. सातचा पाच पुन्हा व्हायला नको.